तीनचाकी घ्यावी मापाने, मानाने नव्हे

बाळाचा पहिला वाढदिवस जवळ आला की भेटींच्या यादीत तीनचाकी सायकलचे नाव हमखास येते. कुठे ती आजोळहून येते, कुठे आत्या आणते, तर कुठे आजोबा दुकान वाढवून परतताना स्वतःच घेऊन येतात. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार किंवा सिडकोतील कॅनॉट या भागांत सायंकाळी एक फेरी मारली, तर छत, टोपली, दिवे आणि संगीत असलेल्या रंगीबेरंगी तीनचाकी गाड्यांच्या रांगाच दिसतात. त्यांतील सर्वांत देखणी गाडी निवडली जाते, फोटो काढले जातात आणि खरेदी पूर्ण होते.

या खरेदीत एक विसंगती आहे. ज्या घरात कापडाचा पोत दोन बोटांत धरून पाहिल्याशिवाय ठाण घेतले जात नाही, डाळीचा नमुना तळहातावर घेऊन पारखल्याशिवाय सौदा होत नाही, त्याच घरात बाळाची पहिली गाडी मात्र केवळ रंग, किंमत आणि पाहुण्यांच्या नजरेत ती कशी दिसेल यावर घेतली जाते. परिणाम बहुतेक घरांना परिचित आहे. महागडी गाडी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी राहते, कारण बाळाचे पाय पायडलपर्यंत पोहोचत नाहीत. आणि ते पोहोचू लागेपर्यंत छत फाटलेले, दिवे बंद पडलेले आणि एखाद्या चाकाचे टोपण हरवलेले असते. क्वचित यापेक्षा वाईट घडते. गाडी जिन्यावरून किंवा ओट्यावरून खाली येते आणि बाळाच्या कपाळावर टाके पडतात.

गाडी बाळाच्या पायाच्या आणि घराच्या जमिनीच्या मापाने घेतली, तर या दोन्ही गोष्टी बहुतांशी टळतात. त्यासाठी लागणारी पारख व्यापारी घरात आधीपासूनच असते. ती या मालालाही लावावयाची एवढेच.

पांगुळगाड्यापासून वाळूजपर्यंत

तीन चाकांची आणि लहान मुलांची जोडी महाराष्ट्राला नवीन नाही. चालायला शिकणाऱ्या बाळासाठी लाकडी पांगुळगाडा देण्याची रीत जुनी आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळण्यांत तो आजही मिळतो. पांगुळगाड्याचे वैशिष्ट्य असे की त्यात बाळ बसत नाही. ते उभे राहून गाडा धरते आणि स्वतःच्या पायांनी तो पुढे ढकलते. गाड्याचा वेग बाळाच्या पावलापेक्षा अधिक होऊ शकत नाही. जुन्या सुताराने हे गणित कागदावर मांडले नसेल, पण त्याच्या वस्तूत ते उतरलेले आहे.

स्वतःच्या बळाने चालवावयाच्या तीनचाकी गाडीचा उगम युरोपातही खेळण्यात नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याला चालता येत नसे. त्याने १६५५ च्या सुमारास हाताने फिरवावयाची तीनचाकी गाडी स्वतःसाठी तयार केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांच्या तीनचाकी सायकली प्रौढांत लोकप्रिय झाल्या. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांच्या कारखान्याच्या गाड्या मागवल्या आणि त्या गाडीला ‘रॉयल साल्व्हो’ हे नाव मिळाले. दुचाकीवरून पडण्याची भीती ज्यांना वाटे, त्यांच्यासाठी ती गाडी होती. मुलांची तीनचाकी हे त्याच विचाराचे लहान रूप होय.

संभाजीनगरचा तर तीन चाकांशी औद्योगिक संबंध आहे. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. पुढे या कारखान्यातून दुचाकींबरोबर रिक्षाही बाहेर पडू लागल्या. पुढे एक चाक आणि मागे दोन, ही रिक्षाची रचना बाळाच्या गाडीतही तशीच असते. त्यामुळे रिक्षातून फिरणाऱ्या या शहराला तीनचाकीचे गुणदोष समजावून सांगणे सोपे आहे. सरळ रस्त्यावर स्थिर असणारी रिक्षा वेगात वळण घेताना एका अंगाला कलते आणि आतील बाजूचे मागचे चाक उचलल्यासारखे वाटते. बाळाची गाडीही नेमक्या याच प्रसंगी उलटते.

वयापेक्षा पाय महत्त्वाचा

खोक्यावर ‘१ ते ५ वर्षे’ असे छापलेले असते आणि खरेदी करणारा तेवढ्यावर विसंबतो. परंतु या चार वर्षांत मूल तीन वेगवेगळ्या अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेची गाडी निराळी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये काही निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार आधाराशिवाय चालू लागण्याचा स्वाभाविक काळ सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला एक मूल धावत असते, तर दुसरे भिंतीला धरून उभे असते. आणि दोघेही निरोगी असतात. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन चुलत भावंडांना एकच गाडी एकाच दिवशी योग्य ठरेल, असे म्हणूनच मानता येत नाही.

पहिली अवस्था ढकलगाडीची. एक ते दीड वर्षाचे मूल गाडीत केवळ बसते. ती मोठी माणसे चालवतात. येथे पाठीला आधार, कमरेचा पट्टा, पाय ठेवण्याची जागा आणि मागे भक्कम दांडा हवा. दांड्याने पुढचे चाक वळवता येत असेल तर उत्तम.

दुसरी अवस्था पायाने रेटण्याची. दीड ते अडीच वर्षांचे मूल जमिनीवर पाय टेकवून गाडी पुढे ढकलते, पायानेच थांबवते आणि मागेही नेते. या काळात पायडलचा उपयोग नसतो, उलट अडथळाच असतो. पायडल नसलेली बुटकी गाडी या वयाला सर्वांत सोयीची असते. पांगुळगाड्याचा जुना न्याय येथेही लागू पडतो: वेग मुलाच्या पायात राहतो.

तिसरी अवस्था पायडल मारण्याची. एक पाय दाबताना दुसरा सोडणे, त्याच वेळी हँडल सांभाळणे आणि समोर पाहणे ही तीन कामे एकत्र करणे बहुतेक मुलांना तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचाही पालकांना हाच सल्ला आहे. मूल शारीरिकदृष्ट्या तयार होईपर्यंत, म्हणजे साधारणतः तीन वर्षांपर्यंत, पायडलची तीनचाकी घेऊ नये आणि घेताना ती जमिनीलगत व मोठ्या चाकांची घ्यावी, असे ती संघटना सांगते.

यावरून एक साधी रीत निघते. दुकानात जाण्यापूर्वी मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभे करावे. दोन्ही पायांच्या मध्ये एक पातळ पुस्तक आडवे धरून ते हलकेच वर सरकवावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. हे पायाचे माप. पायाने रेटण्याच्या गाडीची सीट या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतात. पायडलच्या गाडीत मूल बसलेले असताना पायडल सर्वांत दूर गेले, तरी गुडघा किंचित वाकलेला राहावा. पाय ताणून अंगठ्याने पायडल गाठावे लागत असेल तर ती गाडी अद्याप त्या मुलाची नाही. सीट पुढेमागे सरकवता येत असेल, तर एकच गाडी अधिक काळ उपयोगी पडते.

तीन चाकांचे गणित

तीन टेकूंवर उभी असलेली वस्तू लंगडत नाही. म्हणून तिवई खडबडीत जमिनीवरही स्थिर उभी राहते. परंतु तीन टेकूंचा पाया त्रिकोणी असतो आणि तो पुढच्या चाकाकडे निमुळता होत जातो. मुलाचा भार या त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी सुरक्षित असते. मूल वळताना बाजूला कलले आणि पुढेही झुकले, की भार त्रिकोणाच्या अरुंद भागावरून बाहेर जातो आणि गाडी आडवी होते. म्हणून मागच्या दोन चाकांतील अंतर जितके अधिक आणि सीट जितकी खाली, तितकी गाडी भरवशाची. सीट मागच्या आसाच्या थोडी पुढे असावी. ती आसाच्या मागे गेली, तर थोरले भावंड मागे उभे राहताच पुढचे चाक उचलले जाते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण गोल फिरत असेल तर एकदम काटकोनात वळण्याचा धोका असतो. ठरावीक मर्यादेनंतर हँडल अडवणारी रचना असलेली गाडी अधिक चांगली.

दुसरी बाब पायडलची. मोठ्या सायकलला साखळी असते आणि पाय थांबवला तरी चाक फिरत राहते. तीनचाकीचे पायडल मात्र बहुधा थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असते. चाक फिरले की पायडल फिरलेच पाहिजे. सपाट जागी याचा लाभ असा की पाय थांबवला की गाडी थांबते, म्हणून वेगळ्या ब्रेकची गरज पडत नाही. उतारावर मात्र पायडल पायांपेक्षा वेगाने फिरू लागते. मूल घाबरून पाय उचलते आणि त्या क्षणी गाडीचा एकमेव ब्रेक निघून जातो. पार्किंगचा उतार, दुकानासमोरचा रॅम्प, सोसायटीच्या फाटकाजवळचा चढ ही ठिकाणे म्हणून वर्ज्य मानावीत. मागून दांड्याने ढकलण्याच्या गाडीतही हीच अडचण येते. मोठा माणूस ढकलतो, पायडल फिरते आणि बाळाच्या नडगीवर आपटते. पायडल चाकापासून सोडवण्याची सोय आहे का, हे दुकानातच विचारून आणि फिरवून पाहावे.

चाकाच्या आकाराचाही हिशेब आहे. पुढचे चाक १५ सेंटिमीटर व्यासाचे असेल तर पायडलच्या एका फेरीत गाडी सुमारे ४७ सेंटिमीटर पुढे जाते. २५ सेंटिमीटर व्यासाचे असेल तर सुमारे ७९ सेंटिमीटर. चाळीस मीटरचे आवार पार करण्यास पहिल्या गाडीला सुमारे ८५ फेऱ्या लागतात, दुसरीला सुमारे ५१. लहान चाकाची गाडी मुलाला लवकर दमवते आणि फरशीच्या फटीत किंवा उंबऱ्याशी अडकते. याउलट चाक फार मोठे असेल तर पायडल दूर जाते. दोहोंचा मेळ पायाच्या मापाशीच घालावा लागतो.

एक अपेक्षा मात्र तीनचाकीकडून ठेवू नये. ती तोल सांभाळायला शिकवत नाही, कारण तिच्यावर तोल सांभाळावा लागतच नाही. पुढे दुचाकी शिकताना उपयोगी पडणारा तोल पायडल नसलेल्या, पायाने रेटण्याच्या दुचाकीवर अधिक चांगला साधतो. जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये बनवलेली, सायकलची पूर्वज समजली जाणारी गाडीही अशीच पायाने रेटण्याची होती. तीनचाकी पायांना ताकद, हँडलला वळण आणि मुलाला आत्मविश्वास देते. तेवढे काम तिच्यासाठी पुरेसे आहे.

घराची जमीन आणि जिना

गाडी घेण्यापूर्वी ती कोठे चालणार, याचा विचार सहसा होत नाही. जुन्या शहरातील अनेक व्यापारी घरांत खाली दुकान आणि वर राहणे अशी रचना आहे. खाली उतरताच रहदारीची गल्ली. म्हणजे गाडी वरच्या मजल्यावरच चालणार. सिडको, गारखेडा, उल्कानगरी या भागांतील सदनिकांत दिवाणखाना, व्हरांडा आणि फार तर पार्किंग एवढीच जागा. गुळगुळीत फरशीवर कठीण प्लॅस्टिकचे चाक घसरते. पायडल मारले तरी पुढचे चाक जागीच फिरते आणि आवाज एवढा होतो की खालच्या मजल्याची दुपारची झोप मोडते. अशा घरासाठी रबराची किंवा फोमची पट्टी असलेली चाके घ्यावीत. शहाबादी फरशीच्या अंगणात किंवा सिमेंटच्या आवारात रबरी चाक अधिक टिकते. हवा भरण्याचे चाक मऊ चालते, परंतु पंक्चरची काळजी मागे लागते.

सर्वांत मोठा धोका जिन्याचा. तीनचाकीचे अपघात क्षुल्लक असतात असा समज आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये बालरोगशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत तीनचाकीमुळे सुमारे ९,३४० मुले उपचारांसाठी आणली गेल्याचा अंदाज आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक मुले एक आणि दोन वर्षांची होती आणि इजा सर्वाधिक डोक्याला झाली होती. ज्या वयात पायडल मारता येत नाही, त्याच वयात अपघात अधिक होतात, ही बाब पहिल्या वाढदिवसाची भेट निवडताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उपाय खर्चिक नाहीत. जिन्याच्या तोंडाला कडी असलेले फाटक बसवावे. गच्चीवर गाडी नेऊ नये. गाडीवर चढून मूल कठड्यापर्यंत पोहोचते. ओट्याच्या कडेला, विहिरीच्या किंवा उघड्या हौदाच्या आसपास गाडी आणू नये. गाडीवर बसताना डोक्यावर बसेल अशा मापाचे हलके हेल्मेट घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली, तर ते गाडीचाच भाग वाटते. मात्र गाडीवरून उतरून घसरगुंडीकडे जाताना ते काढावे, कारण त्याचा पट्टा अडकू शकतो. ओढणी, लांब झबले किंवा सैल नाडी चाकात जाणार नाही हे पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याचे ऊन चाळिशी ओलांडते. उन्हात उभ्या गाडीची लोखंडी नळी आणि काळी सीट बाळाच्या मांडीला चटका देऊ शकते, शिवाय सततच्या उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. गाडी सावलीत ठेवण्यात दोन्ही लाभ आहेत.

चिन्ह पाहावे, क्रमांक पडताळावा

केंद्र शासनाने काढलेला खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले; खेळणे देशात बनलेले असो की आयात केलेले. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकनाच्या खेळण्यांना यातून सूट आहे.

हा आदेश येण्यामागे कारण होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली व परिसरातील बाजारातून खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले, तेव्हा आयात केलेल्या खेळण्यांपैकी ६६.९ टक्के नापास ठरली. आदेश लागू झाल्यानंतरही प्रश्न संपला नाही. जानेवारी २०२३ मध्ये चिन्हाविना खेळणी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तीन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा दिल्या. भारतीय मानक ब्युरोने त्याच सुमारास एका महिन्यात ४४ छापे घालून १८,६०० खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले.

मानकात काय पाहिले जाते, हे समजले की चिन्हाचे मोल पटते. आयएस ९८७३ या मानकाच्या पहिल्या भागात यांत्रिक सुरक्षितता येते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातून ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावेल असा सुटा भाग निघता कामा नये, कारण तो घशात अडकू शकतो. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते. त्यावरून घरी अंदाज घेता येतो. हलत्या भागांतील फटीत ५ मिलिमीटरची कांडी जात असेल तर १२ मिलिमीटरचीही गेली पाहिजे, असाही नियम आहे. नाहीतर बाळाचे बोट आत शिरते आणि चिमटते. शिसपेन सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. ती फटीत जाते पण मोठ्या माणसाचे बोट जात नाही, अशी फट दिसली तर गाडी परत ठेवावी. बसून चालवण्याच्या खेळण्यांची स्थिरताही तिरप्या पृष्ठभागावर तपासली जाते. मानकाच्या तिसऱ्या भागात रंगातून बाहेर येऊ शकणाऱ्या घातक धातूंच्या मर्यादा आहेत. शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. दात येत असलेले बाळ हँडल तोंडात घालते, त्यामुळे ही अट केवळ कागदी नाही.

चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, परवान्याची स्थिती आणि माल कोणता, हे दिसते. खोक्यावरील नाव आणि ॲपवरील नाव जुळले तर चिन्ह खरे. हे काम दोन मिनिटांचे आहे.

या पत्रिकेच्या वाचकांतील काही कुटुंबे स्वतः खेळणी, भेटवस्तू किंवा सायकलींच्या व्यापारात आहेत. त्यांच्यासाठी हा विषय दोन्ही बाजूंचा आहे. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ ने अशा उल्लंघनाच्या पहिल्या प्रसंगी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंड ठेवला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी उत्पादकाबरोबर विक्रेत्याच्या दायित्वाचेही स्वतंत्र प्रकरण आहे. माल स्वस्त मिळाला म्हणून चिन्हाविना गाड्या गोदामात भरणे हा व्यवहाराच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा आहे. आणि त्या गाडीवर कोणाचे तरी बाळ बसणार आहे, ही गोष्ट कायद्याच्याही आधीची.

किंमत आणि घसारा

वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने मुलांची तीनचाकी ९५०३ या शीर्षाखाली येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दोन हजार रुपये मूळ किमतीच्या गाडीवर पूर्वी २४० रुपये कर होता, तो १०० झाला. पावती घेताना हा दर पाहावा आणि पावती जपून ठेवावी. तक्रारीची वेळ आल्यास तीच कामास येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

व्यापारी माणूस यंत्र घेताना त्याच्या उपयोगी आयुष्याने किंमत भागतो. तीनचाकीलाही तोच हिशेब लावावा. समजा, एक गाडी ४,८०० रुपयांची, छत-दिवे-संगीतासह, परंतु सीट न सरकणारी आहे. मूल ती प्रत्यक्षात १२ महिने वापरते. महिन्याचा खर्च ४०० रुपये. दुसरी २,४०० रुपयांची, साधी, लोखंडी सांगाड्याची, सीट सरकणारी आणि सुटे भाग मिळणारी आहे. ती ३० महिने चालते. महिन्याला ८० रुपये. शिवाय धाकट्या भावंडाने ती पुढे वापरली, तर आकडा आणखी खाली येतो. दिवे आणि संगीत यांचे आयुष्य बहुधा सर्वांत कमी असते आणि बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल, तर ते धोक्याचेही ठरतात.

एकत्र कुटुंबात चुलत भावंडाची गाडी पुढच्या बाळाकडे येणे स्वाभाविक आहे आणि ते योग्यही आहे. फक्त वंगण घालून रंग पुसण्यावर थांबू नये. गाडी उलटी करून प्रत्येक नट-बोल्ट घट्ट करावा. चाकांची टोपणे आणि आसाच्या पिना जागच्या जागी आहेत का पाहावे. हँडलच्या नळीच्या दोन्ही टोकांना मुठी असाव्यात. उघडी नळी पडताना पोटात लागते. वेल्डिंगला तडा किंवा प्लॅस्टिकला पांढरी रेघ दिसली तर ती गाडी कोणालाही देऊ नये. जुन्या गाडीला घरी रंग द्यावयाचा झाल्यास शिसे नसल्याचा उल्लेख असलेलाच रंग वापरावा.

दुकानात गेल्यावर

बाळाला सोबत न्यावे. त्याच्याशिवाय केलेली खरेदी म्हणजे माप न घेता शिवलेला अंगरखा. गाडी खोक्यातून बाहेर काढून जोडलेली मागावी. आधी चिन्ह आणि परवाना क्रमांक पाहावा. मग बाळाला बसवून तळवे टेकतात का, गुडघा वाकतो का, मुठी हातात मावतात का, हे पाहावे. नंतर रिकामी गाडी हाताने बाजूला आणि मागे कलवून ती किती सहज उलटते याचा अंदाज घ्यावा. हँडल डावी-उजवीकडे फिरवावे, चाके जमिनीवर घासून पाहावीत, फटींत शिसपेन घालून पाहावी. सीट, पायडल आणि चाक सुटे मिळतात का, हे विचारावे. रंग सर्वांत शेवटी निवडावा आणि ती निवड बाळावर सोपवावी.

घरी आणल्यावर जोडणी मोठ्या माणसाने सूचनापत्र समोर ठेवून करावी आणि पहिल्या आठवड्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. वापराने ते सैल होतात. दिवाळीत वह्या बदलताना तिजोरीची कुलपे तपासली जातात, तशी महिन्यातून एकदा ही गाडीही तपासावी.

ज्या आजोबांना पहिल्या वाढदिवसालाच गाडी द्यावयाची आहे, त्यांनी ढकलगाडी किंवा पांगुळगाडा द्यावा आणि पायडलच्या गाडीसाठी ठरवलेली रक्कम बाळाच्या नावे बाजूला ठेवावी. दोन वर्षांनी मूल स्वतः दुकानात चालत येईल, सीटवर बसेल, तळवे टेकवेल आणि पायडलवर पाय ठेवेल. भेट देण्याचा खरा मुहूर्त तो.